रांजणातला पैसा आणि बाजाराची पावती



घाटघरच्या पुढं, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण तुमच्यातल्या बहुतेकींनी पाहिलाय. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून आलेला माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून घाट चढायचा. वर पोचलं की व्यापाऱ्यानं जकातीची नाणी त्या रांजणात टाकायची आणि जुन्नरच्या वाटेला लागायचं, असं आपण पोरवयापासून ऐकत आलोय. रांजण खरंच त्याच कामाचा होता की नाही, यावर जाणत्यांनी वाद घालावा. मला त्या गोष्टीतली एक जागा नेहमी खटकते. व्यापारी नाणं टाकतो इथं गोष्ट संपते. रांजण भरल्यावर तो कोण उपसायचं, पैसा कुठं जायचा, आणि त्यातला घाटाच्या कामाला किती लागायचा, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आजचा विषय तोच आहे. बाजारात बसणाऱ्याकडून, वाटेनं जाणाऱ्याकडून पैसा गोळा होतो. तो त्याच जागेवर खर्च व्हावा म्हणून काय करता येतं? आणि ठरलेली मुदत संपली की "हे पुढं चालू ठेवायचं का" हे कुणी ठरवायचं?

माझी आई उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजाराला जायची. पाटी खाली ठेवायच्या आत एक माणूस पावतीपुस्तक घेऊन हजर. पैसे घ्यायचा, पावती कधी द्यायचा, कधी नाही. दिलेल्या पावत्या आई कनवटीला लावून घरी आणायची आणि एका डब्यात ठेवायची. मी एकदा विचारलं, "आये, या कशाला गं जपतेस?" तर म्हणाली, "पैसं दिल्यात, कागूद तरी ऱ्हाऊ दे." त्या बाजारात बायांना बसायला सावली नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, आणि लघवीला जायचं तर पार ओढ्यापर्यंत जावं लागायचं. पावत्यांचा डबा मात्र भरत गेला. बाजाराचं नाव मी घेत नाही, कारण असे बाजार एक-दोन नाहीत.

आता जरा लांब जाऊन येऊ, कारण या प्रश्नाचं एक उत्तर दुसऱ्या देशातल्या दुकानदारांनी शोधलं. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते आपण बघू.

कॅनडा देशात टोरांटो नावाचं मोठं शहर आहे. तिथल्या एका पेठेतले दुकानदार 1960 नंतरच्या वर्षांत अडचणीत आले. रस्त्याखालून रेल्वे सुरू झाली, त्यामुळं वरून चालत जाणारी गिऱ्हाइकं जमिनीखालून जायला लागली. शिवाय मोठमोठे मॉल उभे राहिले. दुकानदार एकत्र बसले आणि म्हणाले, आपण वर्गणी काढू, दिवे लावू, झाडं लावू, बाकडी ठेवू, पेठ झाडून लख्ख ठेवू. पण वर्गणीचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. गावच्या सप्त्याला दहा जण देतात आणि प्रसादाला शंभर येतात. तिथंही काही दुकानदार पैसे देईनात, पण उजेडाचा फायदा सगळ्यांनाच. मग त्यांनी सरकारकडून कायदा करून घेतला. बहुतेकांना मान्य असेल तर त्या पेठेतल्या प्रत्येक दुकानावर थोडी जादा पट्टी बसायची, नगरपालिकेनं ती घरपट्टीबरोबर वसूल करायची, आणि सगळी रक्कम त्याच पेठेला परत द्यायची. 1970 साली ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेत ही पद्धत सुरू झाली. पुढं ती अमेरिकेत गेली, दक्षिण आफ्रिकेत गेली, आणि 2003 च्या कायद्यानं इंग्लंडातही आली. तिकडं तिला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपण साधं "पेठपट्टी" म्हणू.

इंग्लंडातली पेठपट्टी आपल्याला जास्त उपयोगाची आहे, कारण तिथं तिला मुदत आहे. एकदा मंजूर झाली की जास्तीत जास्त पाच वर्षं. पाच वर्षं भरली की ती आपोआप संपते. पुढं चालू ठेवायची असेल तर पुन्हा सगळ्या पट्टी भरणाऱ्यांचं मतदान घ्यावं लागतं. कुणी विसरलं, कुणी झोपलं, तरी पट्टी तशीच चालू राहिली असं होत नाही. याउलट आपल्याकडं एकदा बसलेली फी उठल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

मतमोजणीची त्यांची रीतही बघण्यासारखी आहे. मतं दोनदा मोजतात. एकदा डोकी मोजतात, म्हणजे किती दुकानांनी होकार दिला. आणि एकदा वजन मोजतात, म्हणजे होकार देणाऱ्या दुकानांची करासाठी धरलेली किंमत किती. दोन्हीकडं अर्ध्याहून जास्त होकार असेल तरच पट्टी चालू. समजा एका पेठेत नऊ छोटी दुकानं आहेत, प्रत्येकाची किंमत एक लाख, आणि एक मोठं दुकान आहे वीस लाखांचं. मोठ्यानं एकट्यानं होकार दिला आणि नऊ जणांनी नकार दिला, तर वजनात मोठा जिंकला पण डोक्यात हरला. पट्टी बसत नाही. उलट नऊ जण हो म्हणाले आणि मोठा नाही म्हणाला, तरी पट्टी बसत नाही. म्हणजे दोघांनाही एकमेकांशी बोलावंच लागतं. मला हे पटलं.

पण मोजतात ती पडलेलीच मतं. ज्यानं मत दिलं नाही त्याचं मत नकारात धरत नाहीत, होकारातही धरत नाहीत. आणि पट्टी मंजूर झाली की न बोललेल्यालाही ती भरावीच लागते.

आणखी एक गंमत. त्या पेठेत नगरपालिकेच्याही इमारती असतात, कचेरी असते, वाचनालय असतं. मग नगरपालिकेलाही पट्टी बसते आणि दुकानदारासारखंच मतही मिळतं. नूतनीकरणाची वेळ आली की नगरसेवकांपुढं विषय येतो: आपली मतं कुणीकडं टाकायची? मतदान भरवणार नगरपालिका, पैसे वसूल करणार नगरपालिका, आणि मत देणारीही नगरपालिका. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचही तोच आणि पैलवानही तोच. म्हणून तिथले शहाणे नगरसेवक होकार देण्याआधी एक कागद मागतात. नगरपालिका आपल्या रोजच्या करातून पेठेत काय काय करते, ते त्यात लिहिलेलं असतं. झाडलोट किती वेळा, दिवे किती, कचऱ्याची गाडी कधी. पेठपट्टीचा पैसा या कामांवर खर्च करायचा नाही. तो त्याच्या वरच्या कामासाठी. नाहीतर काय होतं? नगरपालिका हळूच आपला झाडूवाला काढून घेते आणि दुकानदार एकाच झाडलोटीचे दोनदा पैसे भरतात.

हा एक मुद्दा मनात पक्का ठेवा, पुढं लागणार आहे.

आता या पद्धतीतलं उणंही सांगते. तिथं मत कुणाला, तर ज्याच्या नावावर दुकानाचा कर आहे त्याला. पेठेच्या कडेला फुलं विकणाऱ्या बाईला मत नाही, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीलाही नाही. पट्टी भरणारे म्हणतात, आमचा पैसा, आमचा रस्ता. आणि रस्ता देखणा करायचा म्हटलं की पहिली नजर पाटीवाल्यांकडं जाते. अनेक देशांत या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला गेलाय, की पेठ चकचकीत होते आणि गरीब तिथून हलतो. म्हणून ही गोष्ट जशीच्या तशी उचलून आणावी असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं तसा कायदाही नाही. पण आपल्याकडं जे आहे, ते पाटीवालीच्या बाजूनं बघितलं तर बरंच बळकट आहे. फक्त ते वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधलेलं आहे.

पहिलं गाठोडं शहरातलं. तुम्ही माल घेऊन जुन्नरला जाता, तेव्हा नगरपरिषदेच्या हद्दीत बसता. तिथं 2014 चा पथविक्रेता कायदा लागतो. फेरीवाले, पथारीवाले, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारे, सगळे त्यात आले. शहरासाठी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत, आणि त्या विक्रेत्या सदस्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. विक्रेत्यांची पाहणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी, आणि पाहणी होऊन दाखले मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. इंग्लंडातल्या फुलवालीला जे नाही, ते तुम्हाला कायद्यानं दिलंय. पाहणीला माणूस येईल त्या दिवशी तुम्ही जागेवर असायला हव्यात आणि यादीत तुमचं नाव लागायला हवं, एवढी मात्र काळजी घ्या. नवऱ्याचं किंवा दिराचं नाव लागलं तर दाखला त्याचा होतो.

दुसरं गाठोडं गावातलं, आणि आपला खरा विषय तिथंच आहे.

गावात बाजार भरत असेल तर ग्रामपंचायतीला बाजार फी घेता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात तशी तरतूद आहे. ही फी गोळा करायचं काम पंचायत स्वतः करते किंवा लिलाव करून ठेक्यानं देते. ठेका बहुतेक ठिकाणी वर्षाचा असतो, एप्रिल ते मार्च. ठेकेदार पंचायतीला एकरकमी पैसे देतो आणि वर्षभर वसुली करतो. जेवढी वसुली जास्त, तेवढा त्याचा फायदा. म्हणून तो पाटी खाली ठेवायच्या आत हजर असतो. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही, त्याचा धंदाच तो आहे. विचारायचं ते पंचायतीला: लिलावाची रक्कम किती आली, आणि त्यातले किती बाजाराच्या जागेवर लागले? लिलावाच्या अटींत पाणी, सावली, झाडलोट आहे का? दर ठरलेला फलक लावलाय का? आणि पंचायतीच्या सदस्याला अशा ठेक्यात स्वतः किंवा कुणाच्या आडून भाग ठेवता येत नाही; ठेवला तर त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

तिसरं गाठोडं आपल्या पश्चिम पट्ट्याचं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली आपली डोंगरातली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्रानं त्याचे नियम 2014 साली केले. पेसा म्हटलं की आपल्याला हिरडा आठवतो, गौण वनोपजाचा हक्क आठवतो. पण त्याच कायद्यात, त्याच ओळींच्या जवळपास, आणखी एक अधिकार लिहिलाय: गावचा बाजार, मग त्याला नाव काहीही असो, त्याचं व्यवस्थापन करण्याचा. हा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेच्या हातात आहे. दुकान कुणाच्या नावावर आहे हे तिथं विचारत नाहीत. जी गावची मतदार, तिला ग्रामसभेत बोलायचा आणि हात वर करायचा हक्क. डोकी मोजायची, वजन नाही.

आता हे तिन्ही मनात धरून पुन्हा नाणेघाटात येऊ.

2018 साली राज्य सरकारनं जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. जाहीर होण्याआधीपासूनच पावसाळ्यात घाटघरला गर्दी असते. खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, ते बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत आपल्या बाया चहा, भजी, मक्याची कणसं, पिठलं-भाकरी विकतात. भात आवणीचे हेच दिवस, तरी जिला जमतं ती बसते, कारण चार पैसे हातात येतात. आणि सोमवारी सकाळी प्लॅस्टिकच्या बाटल्या, कागदी ताटल्या, कणसांची पानं कोण उचलतं? बऱ्याचदा त्याच बाया.

समजा उद्या ग्रामसभेत कुणी म्हणालं, प्रत्येक टपरीवर दिवसाला 20 रुपये बसवू, त्यातून सफाई करू. ऐकायला ठीक वाटतं. आपण हिशेब मांडू. हे आकडे माझे, समजण्यापुरते. टपऱ्या 20, दिवसाचे 20 रुपये, म्हणजे दिवसाला 400. जून ते सप्टेंबर साधारण 16 आठवडे, आठवड्याचे दोन दिवस, म्हणजे 32 दिवस. एकूण 12,800 रुपये. यात काय होईल? गर्दीच्या दिवशी एका माणसाचा 400 रुपये रोज निघेल. पोती, झाडू, कचरा खाली न्यायचं गाडीभाडं यातलं काहीच निघणार नाही. बायांसाठी संडास तर सोडूनच द्या.

आता गाड्या मोजा. दिवसाला 100 गाड्या धरल्या आणि गाडीमागं 50 रुपये धरले, तर 32 दिवसांचे 1,60,000 होतात. टपऱ्यांच्या बारापट. कचरा करणारा गाडीतून येतो, घाण करून गाडीतूनच जातो, आणि त्याला ते 50 रुपये जड नसतात. मग पाटीवालीवर पट्टी बसवायची घाई का? कारण ती समोर बसलेली असते, ओळखीची असते, आणि नाही म्हणत नाही. म्हणून टपऱ्यांवर फी लावायचा विषय निघाला की आधी एवढंच विचारा, "गाड्यांचं काय ठरलं?"

इथं एक अडचण आहे ती लपवत नाही. नाणेघाटात सगळी जागा काही पंचायतीची नाही. लेणं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यामुळं "पैसा जमला की तिथंच शेड बांधू" असं म्हणता येणार नाही. आसपास वनखात्याची जमीन आहे, तिथले नियम वेगळे. म्हणून फी कुणाच्या नावानं, कुठल्या जागेची, आणि पावतीवर शिक्का कुणाचा, हे आधी कागदावर स्पष्ट हवं. ज्याची जागा नाही त्याची पावती घेऊ नका. पावतीशिवाय पैसे मागितले तर तो कर नाही आणि फीही नाही.

आणि इंग्लंडातला तो कागद आठवा. संडास, प्यायचं पाणी, कचरा उचलणं ही पंचायतीची रोजची कामं आहेत, आणि त्यांच्यासाठी निधी येतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग पंचायतीला महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. आधी त्यातून काय झालं ते कळू दे. नवी फी बसवायची तर ती त्याच्या वरच्या कामासाठी: गर्दीच्या दिवशीचे जादा सफाईचे हात, दरीच्या काठावर उभा राहणारा गावचा पोरगा, पावसाळ्यापुरता ताडपत्रीचा आडोसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. फीचा ठराव होताना त्यात एक ओळ घालायला लावा: "ही फी तीन पावसाळ्यांपुरती आहे, त्यानंतर ग्रामसभेनं नव्यानं ठराव केल्याशिवाय ती घेतली जाणार नाही." तीन वाटलं तर तीन, एक वाटलं तर एक. ही ओळ नसेल तर फी बंद करायला तुम्हाला उठावं लागतं, भांडावं लागतं, वाईटपणा घ्यावा लागतो. ओळ असेल तर ती चालू ठेवायला त्यांना तुमच्यापुढं यावं लागतं. आणि येताना हिशेब घेऊन यावं लागतं, कारण रिकाम्या हातानं आले तर तुम्ही हात वर करणार नाही. ठेक्याच्या करारातही हेच. ठेका दरवर्षी संपतो, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणाची वेळ येतेच. आपण तिकडं बघत नाही एवढंच. बायांच्या मागण्या अटींत घालायच्या असतील तर त्या लिलावाआधी घालाव्या लागतात. लिलाव झाल्यावर ठेकेदार म्हणतो, माझ्या कागदात हे नाही, आणि तो खरं बोलत असतो.

मग बोलायचं कधी? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, असा कायदाच आहे, आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढं मांडावे लागतात. बऱ्याच गावांत महिला सभा म्हणजे रजिस्टर घरोघर फिरवून सह्या. त्या सह्या देऊ नका. किंवा द्यायच्याच असतील तर वरचा मजकूर वाचून, नाहीतर पोरीकडून वाचून घेऊन द्या. फीचा विषय असेल तेव्हा गटाच्या बैठकीत आधी बोलून घ्या. टपरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, दोघींचं ऐका. टपरी नसलेली म्हणते, माझा काय संबंध? तिला सांगा, पाण्याचा टँकर गर्दीच्या दिवशी कुठं रिकामा होतो ते बघ. तिचाही संबंध आहे.

हिशेबाचं म्हणाल, तर आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते, आणि तिच्यापुढं गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवायची असते. ही सभा बहुधा 1 मे ची. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना म्हणा, "भाऊसाहेब, नमुना पाच दाखवा." तो रोकडवहीचा नमुना. अंदाजपत्रक हवं असेल तर नमुना एक. नंबर घेऊन मागितलं की कागद लवकर सापडतो, हा माझा अनुभव. नाहीच सापडला तर माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही फी नाही.

"ताई, सरपंच आमच्या भावकीतलेच, त्यांना कसं विचारायचं?" हे मला दर वेळी ऐकू येतं. सरपंच आता बऱ्याच गावांत बाईच असते, तिलाही हा प्रश्न अवघड जातो, कारण तिच्याकडून सही घेणारे दुसरेच असतात. म्हणून आरोप करू नका, आकडा विचारा. "वहिनी, बाजाराचे यंदा किती जमले?" यात कुणाचा अपमान नाही. आकडा सांगितला की पुढचा विचारा, "आणि खर्च किती झाले?" दोन्ही आकडे फळ्यावर लिहायला सांगा. तोंडी आकडा दुपारपर्यंत बदलतो.

फळ्यावरून आठवलं. रांजणाजवळच्या त्या लेण्यात भिंतीभर ब्राह्मी लिपीत लेख आहे, सातवाहनांच्या नागणिका राणीच्या नावानं ओळखला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात जकातीबद्दल काही नाही. कुठल्या यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, हे आकड्यांसकट कोरलंय. दान पुरोहितांना गेलं, पाटीवालीला नाही, ते सोडा. पण दिलेल्याचा आकडा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा वाटेवरच्या भिंतीवर लिहिला होता. आपल्याला तर खडू पुरेल.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधीच महिला सभा होईल. बाजाराचे लिलाव मार्चअखेर होतात, म्हणजे अटी बदलायला हीच सभा उपयोगाची. बाजार फीचा विषय सभेच्या नोटिशीत घालायचा असेल तर पंचायतीत लेखी अर्ज आधी द्या, दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ती प्रत पावत्यांच्या डब्यात ठेवा.